गावातल्या बचाव पथकाचा म्होरक्या कसा घडतो?

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात कादवाकाठी आमचं गाव आहे. वय २७, घरची द्राक्षबाग आहे. अपघात झाला, कुणी विहिरीत पडलं, नदीला पूर आला की आम्ही दहा-बारा पोरं धावतो. आता लोक थेट मलाच फोन करतात. पथक नीट उभं करायचं आहे, पण ऐन वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही. घरचे नको म्हणतात. मागच्या वर्षी गावातल्याच मुलाचा मृतदेह काढल्यापासून दोघं यायचे बंद झाले. जे लोक वर्षानुवर्षं हे काम करतात ते कसे टिकले? त्यांनी माणसं कशी बांधली?

उत्तर: मी कड्यांवरच्या बचावातून या कामात आलो आणि पुढे गोदाकाठ, इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा या भागातल्या पोरांना दोर, पाणी आणि प्रथमोपचार शिकवत राहिलो. त्या वाटेवर भेटलेल्या माणसांच्या आधारानेच उत्तर देतो. त्यांची नावं घेत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

जे टिकले त्या सगळ्यांच्या आयुष्यात एक वळण सारखं आहे. सुरुवातीला ते सगळ्यांच्या आधी उडी मारणारे होते, गावाने त्यांना ओळखलं तेच त्या उडीमुळे. पुढे त्यांनी उडी दुसऱ्याकडे सोपवली आणि स्वतः काठावर उभं राहून कोण उतरेल, कोण उतरणार नाही हे ठरवायला लागले. हे वळण फार अवघड असतं. पोहता येणाऱ्या माणसाला बुडणारा दिसत असताना काठावर पाय रोवून उभं राहायला जी हिंमत लागते ती उडीपेक्षा मोठी आहे, असं माझं पक्कं मत आहे. तुमचे तिन्ही प्रश्न, म्हणजे पोरं ऐकत नाहीत, घरचे घाबरतात आणि दोघं तुटले, मला याच एका गोष्टीशी जोडलेले दिसतात. गावाने तुम्हाला पुढे केलंय, पण तुम्ही अजून उडी मारणाऱ्यांतच आहात.

गोदाकाठी एक नाना आहेत. कोळी समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारं घर. २००८ च्या पुरात ते स्वतः वल्हं मारत होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्याच्या परिसरात गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी शिरलं तेव्हा ते होडीत बसले नाहीत. गावाच्या उंच बाजूला शाळेची वही घेऊन उभे राहिले. कुठल्या होडीत कोण गेलं, किती वाजता गेलं, कुठल्या मळ्यावर गेलं, परत किती आले, एवढंच लिहीत होते. एखादी होडी ठरल्या वेळेत परतली नाही की दुसरी सोडायची नाही, आधी पहिलीचा पत्ता लावायचा, हा त्यांचा नियम. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित जवानांनीही त्यांच्याकडूनच रस्ता विचारून घेतला, कारण पुराच्या पाण्याखाली काय आहे ते त्यांनाच ठाऊक होतं.

ही माहिती म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण तुमच्या गावालाही ती लागणार आहे. द्राक्षबागेवरून रबरी होडी नेली तर खालचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा तिचा तळ फाडतात. शिवारातल्या विहिरींना कठडे नसतात, पाणी चढलं की विहीर कुठे आणि बांध कुठे ते दिसत नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालणारा माणूस थेट विहिरीत जातो. पाणी वर आलं की विजेच्या तारा होडीतल्या माणसाच्या डोक्याशी येतात, म्हणून वायरमनला फोन करून डीपी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत होडी सोडायची नाही. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात आणि वरच्या बाजूला फुगवटा येतो. तिथे नुसत्या पावसाकडे बघून चालत नाही. गंगापूर धरणाचा विसर्ग, दारणेचा विसर्ग आणि खाली नांदूर मध्यमेश्वरला किती पाणी सोडलंय, हे तिन्ही एकत्र बघावं लागतं. नाशिक शहरात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं त्यावर पूर कळतो, पण खालच्या गावांना मारुती बुडायच्या आधीच हलावं लागतं. तुमच्या कादवेवर वर करंजवण आणि पालखेड ही धरणं आहेत. त्यांचा विसर्ग किती झाला की तुमच्या गावची कुठली वस्ती पहिल्यांदा तुटते, हे एका कागदावर लिहिलेलं आहे का? नसेल तर तुमच्या पथकाचं पहिलं बचावकार्य तेच. त्यासाठी कुणालाही पाण्यात उतरावं लागत नाही.

कुणी म्हणेल, सरकारी दल आहे ना. आहे, आणि ती माणसं जीव ओतून काम करतात. पण राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून येते, राज्याची धुळ्याहून. नाशिकचं अग्निशमन मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर यातलं कोणीही अर्ध्या तासात पोहोचू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मालेगावजवळ गिरणेच्या पात्रात अडकलेल्यांना शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने काढावं लागलं. एवढी यंत्रणा यायला लागणारा वेळ गावाने भरून काढायचा असतो. श्वास थांबलेल्या माणसाचा मेंदू चार-सहा मिनिटांत कायमची इजा होण्याच्या टप्प्यावर येतो, आणि ती मिनिटं कुठल्याही शहरातून येणाऱ्या गाडीच्या हातात नसतात.

म्हणून छातीदाब (सीपीआर) प्रत्येक पोराला आला पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. बुडालेल्याला श्वास देणं विशेष महत्त्वाचं, कारण त्याचं हृदय थांबतं तेच हवा न मिळाल्यामुळे. पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून गरगर फिरवणं हे गावोगाव अजून चालतं. त्यात तीच मोलाची मिनिटं जातात.

आता विहिरीकडे येतो. नाशिक जिल्ह्यात पथकाची खरी परीक्षा मला नदीपेक्षा विहिरीवर होताना दिसली आहे. उन्हाळ्यात गाळ काढायला माणूस उतरतो. खाली सुरुंगाचा धूर कोंडलेला असतो, किंवा इंजिन चालवलेलं असतं, किंवा कुजलेल्या गाळातून वायू निघत असतो. तो कोसळतो. वरून भाऊ बघतो आणि उतरतो. मग चुलता. मग शेजारी. एकाच घरातली दोन-तीन माणसं एका विहिरीत जातात ती अशी. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो निम्म्याच्या खाली गेला की गुदमरल्यासारखं वाटण्याच्या आतच शुद्ध हरपते, हात शिडीवरून सुटतो. पट्टीचा पोहणारा असो की पैलवान, फुप्फुसात हवाच नसेल तर ताकदीचा उपयोग नाही. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर उतरू नये हे खरंच आहे, पण कंदील जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू ज्योत विझवत नाही, माणूस मात्र मारतो.

अशा वेळी म्होरक्याचं काम काय? कुटुंबाला धरून ठेवणं. अक्षरशः कवेत धरून ठेवणं. इगतपुरीकडच्या एका गावात मी हे पाहिलं आहे. पथकाचा प्रमुख म्हणजे यारी (विहिरीवरची क्रेन) चालवणारा माणूस, उभा आडवा, कमी बोलणारा. खाली पडलेल्याचा थोरला भाऊ उतरायला निघाला, तसं याने त्याला मिठी मारली आणि सोडलंच नाही. तो शिव्या देत होता, गुद्दे मारत होता. याने ते सोसलं आणि तोंडाने एकेक सूचना देत राहिला: कॉम्प्रेसरचा पाइप तळापर्यंत सोडा, ट्रॅक्टर विहिरीच्या तोंडापासून लांब, धूर वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊ दे, गळ आणा, दोर आणा, अग्निशमनला सांगा श्वसनयंत्र घेऊनच निघा. खालचा माणूस त्या दिवशी वाचला नाही. पण त्या घरात थोरला भाऊ आजही जिवंत आहे, त्याची मुलं शाळेत जातात. त्या प्रमुखाने माणूस वाचवला असं गावात कुणी म्हणत नाही. मी म्हणतो.

याच विहिरीनंतर त्या गावाने ठरवलं की गाळाला उतरणाऱ्याच्या अंगात उतरण्याआधीच पट्टा असेल, दोर यारीला बांधलेला असेल, आणि वर एक माणूस फक्त त्याच्याशी बोलत राहील. खालून उत्तर आलं नाही की वर ओढायचं, कुणी खाली जायचं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एक जीव जावा लागला. तुमच्या गावात तो जायला नको.

घरच्यांच्या विरोधाबद्दल. मला तो विरोध योग्यच वाटतो. तुमची आई नको म्हणते, कारण तिने तुम्हाला रात्री एकट्याने मोटारसायकल काढून जाताना पाहिलं आहे. तिला समजावत बसू नका, कामाची पद्धत बदला आणि ती तिला दिसू द्या. फोन आला की दोघांपेक्षा कमी जण निघणार नाहीत. घरी कुठे चाललो ते सांगून निघायचं. पाण्यात जाणाऱ्याच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि दुसऱ्याच्या हातात त्याचा दोर. आधी काठावरून हाताने पोहोचवता येईल ते पोहोचवायचं, मग फेकता येईल ते फेकायचं, मग होडी, आणि सगळ्यात शेवटी माणूस. प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवा. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण कागद घरात आला की घराला कळतं, पोरगं विचार करून जातंय. हंगामात बाग सोडून धावणाऱ्याच्या बागेत त्या दिवशी इतरांनी काम करून द्यायचं, हाही नियमच करा. छाटणी किंवा डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) दिवसांत घरचे चिडतात ते जिवाच्या भीतीइतकेच कामाच्या नुकसानीनेही चिडतात.

आणि पथकात बायका घ्या. हे मी आग्रहाने सांगतो. तुमच्या दहा-बारा जणांत एकही ताई नाही असं प्रश्नावरून दिसतं. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर पथकाची खरी म्होरकी तिथली आशाताई, म्हणजे गावची आशा आरोग्य स्वयंसेविका आहे. तिने कधी दोर धरला नाही. पण कुणाच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, कोण गरोदर आहे, कोण म्हातारं खाटेवर पडून आहे, हे तिला तोंडपाठ. पूर येणार असेल तर आधी कुणाला हलवायचं हे तीच ठरवते आणि पोरं ऐकतात, कारण त्यातल्या काहींच्या जन्माच्या वेळी तीच धावपळ करत होती.

सापाच्या बाबतीत तिने जे केलं त्यात मला नेतृत्वाचा सगळ्यात शहाणा नमुना दिसतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, पापण्या जड होतात. लोक भगताकडे नेतात आणि तिथे रात्र जाते. ताईने भगताशी भांडण केलं नाही. त्याच्या अंगणात जाऊन बसली, त्याच्याशी गावातली सून म्हणून आदराने बोलली आणि सांगितलं, बाबा, तुम्ही अंगारा लावा, पण गाडीत बसवून लावा, माणूस तुमच्या दारात गेला तर नाव तुमचं खराब होईल. आता भगतच सांगतो, आधी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला दंश होतो.

तुमच्याकडे द्राक्षं आहेत म्हणून औषध फवारताना होणारी विषबाधाही येईल. अंगावरचे कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी काढायला लावू नका, औषधाची बाटली किंवा लेबल डॉक्टरांपर्यंत न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ त्या लेबलने वाचतो.

ऐन वेळी ऐकत नाहीत, यावर. ऐन वेळी कुणीच ऐकत नाही, कुठल्याच गावात नाही. हुकूम घटनास्थळी चालत नाही, तो आधीच्या शांत दिवसांत ठरलेला असावा लागतो. दोर कोणाकडे, फोन कोणाकडे, गर्दी कोणाकडे, रुग्णवाहिकेला वाट दाखवायला फाट्यावर कोण, हे नावानिशी ठरवा. फाट्यावरच्या माणसाचं काम पोरांना कमी दर्जाचं वाटतं. त्याच्याअभावी १०८ ची गाडी चुकीच्या शिवरस्त्याला लागून वेळ घालवते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वयाने मोठे, भावकीतले, ज्यांना पोराच्या तोंडून सूचना ऐकायला जड जातं, त्यांना गर्दी सांभाळायला द्या. आप्पा-तात्यांनी हात आडवा केला तर लोक मागे सरतात, तुमच्याने सरणार नाहीत. त्यांचाही मान राहतो. आणि एक नियम सगळ्यांना सारखा: पथकातल्या कोणीही, अगदी सगळ्यात लहानाने, "थांबा" म्हटलं की सगळे थांबतील आणि मग विचारतील का. ज्याला धोका पहिल्यांदा दिसतो तो बहुतेक वेळा म्होरक्या नसतो.

दारू प्यायलेला माणूस त्या दिवशी पथकात नाही. फोटो-व्हिडिओ काढणाराही नाही. जखमी बाईच्या, मेलेल्या मुलाच्या अंगावर आधी चादर पडली पाहिजे. हे पाळलं नाही तर गाव तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल आणि तो परत मिळणार नाही.

हरिहर गडाच्या पायथ्याशी निरगुडपाडा आणि हर्षेवाडी ही गावं आहेत. तिथली पोरं वाटाड्याचं काम करतात आणि गडावर कुणी पडलं की पहिली तीच पोहोचतात. त्या उभ्या कातळपायऱ्यांवरून स्ट्रेचर उतरवायला एका वेळी सहा-आठ जण आणि बदलीला तेवढेच लागतात, वर दोरावर वेगळी माणसं. तिथल्या एका तरुण वाटाड्याने मला सांगितलं की जखमी उतरवणं त्याला जमत होतं, पण पावसात वर निघालेल्या शहरातल्या पाहुण्यांना "आज जाऊ नका" म्हणणं जमत नव्हतं, कारण त्यांच्यावरच त्याचं पोट होतं. आता तो म्हणतो. एका दिवसाची मजुरी बुडते. दुगारवाडीच्या धबधब्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक वाढून पर्यटक पलीकडे अडकले, एक जण वाहून गेला. असं काही ऐकलं की तो आणखी ठाम होतो. स्वतःची मजुरी सोडून माणसाला मागे फिरवणं हे सेवेचं फार निर्मळ रूप आहे आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

रस्त्याच्या अपघाताचं थोडक्यात. जानेवारी २०२० मध्ये देवळ्याजवळ मेशी फाट्याला एसटी आणि रिक्षा धडकून दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या, पंचवीसहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहाटे नाशिक-औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेल चौकात खासगी बसला आग लागून १२ जण गेले. दोन्ही ठिकाणी पहिली धावली ती जवळचीच माणसं. तुमच्या हद्दीत रस्त्याला लागून बिनकठड्याची विहीर असेल तर ग्रामपंचायतीत आजच अर्ज द्या. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर सगळीकडे जातात. टँकर उलटला तर पथकाचं काम एकच, लोकांना कॅन-बादल्या घेऊन जवळ जाऊ न देणं. पोलिसांच्या भीतीने जखमीला हात लावत नाही असं म्हणणाऱ्याला सांगा की सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

बिबट्याचा फोन आला तर गर्दी हटवा आणि वनखात्याला बोलवा. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलू नका, आई रात्री घ्यायला येते.

आता त्या दोघांबद्दल, ज्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. शहरातला जवान अनोळखी माणसाला काढतो आणि बराकीत परततो. गावातला मुलगा ज्याला काढतो तो त्याच्या वर्गातला असतो, त्याच्या आईला तो रोज पाण्याच्या टाकीजवळ भेटतो. ते ओझं वेगळं आहे. यायचं बंद झाले ते दोघं कच्चे आहेत असं पथकात कुणी बोललं असेल तर ते आधी थांबवा. झोप न लागणं, तो वास येत राहणं, नदीकडे जावंसं न वाटणं ही सरळ मनाच्या माणसाची लक्षणं आहेत. त्यांच्या घरी जा. काम पुन्हा सुरू करा असं म्हणू नका. त्या दिवशी कुणी काय पाहिलं ते आधी तुम्ही सांगा, मग ते बोलतील, किंवा नुसते बसतील. महिन्याभरात झोप, जेवण पूर्वपदावर आलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन तुम्ही लावून द्या. आणि त्यांना पाण्याशिवायचं काम द्या: फाटा, वही, साहित्य. काहींना परत पाण्यात उतरायचंच नसतं, तरी ती माणसं पथकाचीच असतात.

मृतदेह काढण्याच्या कामात एक अन्याय आहे, तो उघड बोलला पाहिजे. बहुतेक गावांत पाण्यातून कुजलेला देह काढायला कोळी, भिल्ल किंवा आणखी कुठल्या गरीब समाजाच्याच माणसाला बोलावतात, हातात बाटली देतात आणि सत्कार होतो तेव्हा तो मागे उभा असतो. त्या बाटलीने कित्येक चांगले पोहणारे संपले. तुमच्या पथकात हे काम पाळीने करा, हातमोजे, गमबूट, चुन्याची पूड, साबण, अंघोळीला गरम पाणी याची सोय ठेवा, आणि पहिल्यांदा आलेल्या विशीच्या आतल्या पोराला त्या वेळी मागे ठेवा. गावातल्या जुन्या पोहणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या आणि शिकवायला पुढे बसवा. नदीचं त्याच्याइतकं ज्ञान तुमच्यापैकी कुणालाच नाही.

कागदपत्रं आणि साहित्य. फोन आला की आधी ११२ आणि १०८, मग तुम्ही निघा. पोलीस पाटलांना प्रत्येक वेळी कळवा. तहसील कार्यालयात पथकाची नोंद द्या आणि जिल्ह्यात आपदा मित्र या सरकारी योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण निघेल तेव्हा दोघा-तिघांना पाठवा. कुणा पक्षाचा बॅनर घेऊन बोट देऊ केली तर बोट घ्या, बॅनर घेऊ नका. निम्मं गाव दुसऱ्या पक्षाचं असतं आणि त्यांनाही पूर येतो. पैसे कमी असतील तर बोटीच्या आधी चार लाइफ जॅकेट, पाण्यावर तरंगणारे दोन दोर, चांगल्या विजेऱ्या, घडीचं स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या. स्ट्रेचर नसेल तर बाज आणि दोन बांबू चालतात, फक्त मान हलणार नाही एवढं बघा.

२०२७ चा सिंहस्थ डोळ्यांपुढे आहे. २७ ऑगस्ट २००३ ला शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले. तिथे पोहणाऱ्याचा काही उपयोग नव्हता, मागून येणाऱ्या लोंढ्याला पुढे काय झालंय ते कळवणारं कुणी हवं होतं. गर्दीत माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. छाती फुगायला जागा राहत नाही. तुमच्या पोरांना स्वयंसेवक म्हणून बोलावणं येईल. गर्दीच्या मागच्या टोकाला, उंचावर, शिट्टी आणि मेगाफोन घेऊन उभं राहायचं काम मागून घ्या. ज्यांनी विहिरीच्या तोंडाशी माणसं अडवून धरली आहेत त्यांना ते काम जमेल.

पहिली तालीम पावसाआधी, कोरड्या जागी घ्या. शाळेच्या मैदानावर चुन्याने नदी आखा, एकाला आत बसवा, दोर फेकून त्याच्या हातात पडेपर्यंत प्रत्येकाने फेकायचा. त्या दिवशी तुम्ही स्वतः दोराला हात लावू नका. वही घ्या आणि पथकातला जो सगळ्यात चांगला फेकतो त्याच्याऐवजी जो आधी आजूबाजूला बघतो, मग फेकतो, त्याचं नाव लिहून ठेवा. तुमच्यानंतर काठावर त्याला उभं करायचं आहे, आणि त्याला तयार व्हायला दोन-तीन पावसाळे लागतील.